अ, अि आणि माझा चुकलेला क्लास

आर्वीला आजीच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तीत आजोबांच्या वह्या आहेत. आजोबांनी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या होत्या. प्रारंभिक, प्रवेश, परिचय करत करत कोविदपर्यंत गेले. दिवाळीत घरी गेले तेव्हा त्यातली एक वही उघडली. वहीच्या मागच्या पानांवर मराठीत दुकानाचा हिशोब होता, त्यात 'उधार' आणि 'एकूण' हे शब्द आपण लिहितो तसेच. पुढच्या पानांवर हिंदीचे धडे उतरवलेले, आणि तिथे 'अुत्तर', 'अेक', 'अिसलिअे'. हात तोच, शाईही तीच.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "तो वर्ध्याचा उ होय पोरी. पुस्तकात तसाच होता, मंग तेही तसाच लिहत. घरचा उ वेगळा."

मी पीएच.डी.त जे काम करते ते एका वाक्यात सांगायचं तर हेच: घरचा उ आणि वर्ध्याचा उ. वर्धा आणि आसपासच्या परिसरातून निघालेली जुनी हिंदी-मराठी पुस्तकं संगणकावर शोधता येतील अशी करायची, आणि ती करताना त्यातल्या लिपीचा इतिहास हरवू द्यायचा नाही. पहिला भाग सगळ्यांना पटतो. दुसरा पटवताना दरवेळी दम लागतो.

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की इतिहासाच्या विद्यार्थिनीला प्रोग्रॅमिंग कशाला लागतं, आणि तू जे क्लास, मेथड, मॉड्यूल म्हणतेस ते नेमकं असतं तरी काय. दोन्ही प्रश्नांना या लिपीच्या गोष्टीतूनच उत्तर देते, कारण मला स्वतःला क्लास म्हणजे काय ते पायथनच्या पुस्तकातून कळलं नव्हतं. कळलं ते 'अि' मुळे, आणि तेही आधी सपशेल चुकल्यावर.

आधी इतिहास.

१९३५ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते गांधीजी. नागरी लिपी छपाईला आणि टंकलेखनाला सोपी कशी करता येईल हे ठरवायला तिथे लिपी सुधारणेचं काम हाती घेतलं गेलं, आणि त्यात पुढाकार होता काका कालेलकरांचा. पुढच्या वर्षी, १९३६ मध्ये, नागपूरच्या संमेलनानंतर वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली. तिचं काम हिंदी नसलेल्या प्रांतांत हिंदी पोहोचवणं. म्हणजे तिचा विद्यार्थी कोण? तर ज्याला हिंदी येत नाही तो, आणि पुष्कळदा ज्याला नागरीही येत नाही तो. ओडिशातला, आसाममधला, गुजरातेतला. अशा माणसाला शिकवायला बसलं की आपल्याला सवयीमुळे न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात.

उदाहरणार्थ ही. क ला वेलांटी दिली की कि, ग ला दिली की गि, म ला दिली की मि. मग अ ला दिली की काय व्हायला हवं? अि. पण आपण लिहितो इ. हे अक्षर अ सारखंही दिसत नाही आणि त्यात वेलांटीही नाही. वेगळंच पाठ करावं लागतं. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ अशी सहा अक्षरं, ऋ धरली तर सात. बरं, आ, ओ, औ, अं, अः यांत मात्र आपण अ लाच चिन्हं लावतो. म्हणजे अर्धा संसार एका नियमानं आणि अर्धा दुसऱ्या.

सुधारकांचं म्हणणं साधं होतं: सगळाच एका नियमानं चालवू. अ, आ, अि, अी, अु, अू, अे, अै, ओ, औ. यालाच 'अ ची बाराखडी' म्हणतात. छापखान्याच्या बाजूनं यात फायदा होता. नागरीच्या जुळाऱ्याला शेकडो खिळ्यांच्या केसेस पुढ्यात मांडून बसावं लागे. त्यातली काही अक्षरं कायमची गेली तर बरंच, आणि टंकयंत्रावर तर एकेक कळ सोन्याची. वेलांटी, उकार, मात्रा ही चिन्हं तर तशीही ठेवावीच लागतात. त्यांनाच अ समोर उभं करायचं, नवीन काही ओतायला नको.

ही कल्पना एकट्या वर्ध्याची नव्हती. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी त्याआधीच, १९२० च्या दशकात, लिपिशुद्धीची चळवळ सुरू केली होती आणि त्यांचाही आग्रह याच अ च्या बाराखडीचा. राजकारणात ज्यांचं एका वाक्यावर एकमत झालं नसतं ती दोन ठिकाणं 'अि' वर एकत्र येतात. माझ्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे. इथे एवढंच सांगते की दोघांची कारणं वेगळी होती, खिळे मात्र तेच.

कालेलकरांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस आयुष्यातली उमेदीची वर्षं गुजरातेत राहिला. इतका की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. आणि गुजराती लिपीत ए, ऐ हे स्वर अ लाच मात्रा देऊन लिहितात! म्हणजे अे, अै हे त्यांच्या डोळ्यांना रोजचंच होतं. पुढे १९४२ मध्ये गांधीजींनी वर्ध्यालाच हिंदुस्तानी प्रचार सभा काढली, जिथे नागरी आणि उर्दू दोन्ही लिप्या शिकवायच्या होत्या. उर्दूत तर 'इस' आणि 'उस' दोन्ही अलिफनंच सुरू होतात. अलिफ नुसता आधाराला उभा, आवाज ठरतो वरखालच्या चिन्हानं. त्या काळच्या वर्ध्यात अशा दोन-दोन, तीन-तीन लिप्या सराईतपणे वाचणारी माणसं एका अंगणात होती. त्यांना 'अि' विचित्र वाटण्याचं कारणच नव्हतं.

आता माझ्या कामाकडे येते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, जिच्यातून नई तालीम उभी राहिली. त्या विषयावरचं एक हिंदी पुस्तक मी स्कॅन करून, तपासून, मजकूर तयार केला होता. त्यात 'उद्योग' हा शब्द किती वेळा येतो ते बघायला गेले. उत्तर आलं शून्य. हातातून शिकवण्याच्या पद्धतीवरचं पुस्तक, आणि त्यात उद्योग नाही? अर्थात होता. 'अुद्योग' होता, पानोपानी.

संगणकाच्या दृष्टीनं हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडमध्ये इ ला एक क्रमांक आहे, अ ला दुसरा, वेलांटीला तिसरा. 'इतिहास' मध्ये सहा क्रमांक लागतात, 'अितिहास' मध्ये सात. 'इसलिए' मध्ये पाच, 'अिसलिअे' मध्ये पुन्हा सात. युनिकोडला काही जोड्या एकच आहेत हे ठाऊक असतं. आपल्या 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला ऱ हा 'र आणि खाली नुक्ता' याच्या बरोबरीचा धरला जातो. पण अ आणि वेलांटी म्हणजे इ, असं युनिकोडच्या कुठल्याच नियमात नाही. मशीनला सांगावं लागतं.

मी सांगितलं. अगदी नवख्या माणसासारखं. एक ओळ लिहिली: जिथे अि दिसेल तिथे इ घाल, जिथे अु दिसेल तिथे उ घाल, आणि असंच पुढे. पाच मिनिटांत काम झालं. उद्योग सापडायला लागला. मी खूश.

दोन दिवसांनी त्याच संग्रहातलं एक छोटं पुस्तक उघडलं, ज्यात लेखकानं प्रस्तावनेत स्वतःच्या लिपीबद्दल खुलासा केला होता. 'इ' ऐवजी आम्ही 'अि' वापरत आहोत, अशा अर्थाचं वाक्य. माझ्या एका ओळीनं त्याचं झालं होतं: 'इ' ऐवजी आम्ही 'इ' वापरत आहोत. पुस्तकाचा पुरावा मीच पुसून टाकला होता. आणि मूळ फाइलवरच बदल केल्यामुळे पुन्हा स्कॅनपासून सुरुवात.

हसू नका. असं करणारी मी एकटी नाही. एका मोठ्या डिजिटल संग्रहात मला याच काळातली पुस्तकं आधुनिक लेखनात 'दुरुस्त' करून टाकलेली सापडली, कुठेही नोंद न करता. वाचायला सुरेख. पण ते पुस्तक वर्ध्याच्या लिपीत छापलं होतं की साध्या, हे आता त्या मजकुरावरून कुणालाच सांगता येणार नाही. मूळ प्रत कसरीनं खाल्ली की संपलं.

तर प्रश्न असा होता: एकाच शब्दाकडून मला दोन उत्तरं हवी होती. छापील रूप काय होतं, आणि शोधताना कुठलं रूप धरायचं. क्लास आणि मेथड हे कशासाठी असतं ते मला इथे उमगलं.

क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूचा आराखडा: अशा वस्तूनं आपल्यापाशी काय जपून ठेवायचं आणि तिला काय काय विचारता येईल. त्या आराखड्यावरून बनलेली एकेक खरी वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. आणि तिला जे विचारता येतं, तिच्याकडून जे करून घेता येतं, ते मेथड. मी 'अक्षर' नावाचा क्लास केला. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावं देवनागरीत ठेवता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात.) प्रत्येक अक्षर स्वतःजवळ छापलेलं मूळ जपतं, ते कधीच बदलत नाही. त्याला 'छापील_रूप' विचारलं की अि सांगतं, 'शोध_रूप' विचारलं की इ सांगतं. विचारणाऱ्याला आत काय चाललंय ते कळायची गरज नाही. आणि मूळ पुसण्याची सोयच ठेवलेली नाही.

हे शब्द आले कुठून तेही सांगून टाकते. क्लासची कल्पना नॉर्वेत, ओस्लोच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आली. मेथड हा शब्द रूढ केला १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉकनं. पायथन बाहेर आली १९९१ मध्ये, तिनं ते घेतलं.

आता माझी खरी चूक. वर्ध्याच्या बाराखडीकडे बघून मी ठरवलं की अ हा मूळ क्लास आणि इ, उ, ए हे त्याचे वारस. प्रोग्रॅमिंगमध्ये याला इनहेरिटन्स म्हणतात. मुलानं बापाचं सगळं घ्यायचं आणि जिथे फरक असेल तिथे तेवढं आपलं सांगायचं. कागदावर तर तसंच दिसत होतं: अि म्हणजे अ, आणि वर थोडं काही.

लिहून बघितलं आणि सगळं उसवायला लागलं. अ ची 'उच्चार' ही मेथड 'अ' सांगते. इ नं ती वारशानं घेतली तर इ चा उच्चारही 'अ'. म्हणून इ मध्ये ती बदला. उ मध्ये बदला. ए मध्ये बदला. ऱ्हस्व-दीर्घ बदला. शेवटी वारशात शिल्लक काय राहिलं? फक्त आकार. ज्या मुलाला बापाचं सगळंच नाकारावं लागतं तो त्याचा मुलगा नव्हेच. इ हा अ चा एक प्रकार नाही. साधी गोष्ट, पण मला ती तीन दिवस दिसली नाही.

गंमत म्हणजे हा आक्षेप जुना आहे. उत्तर प्रदेश सरकारनं १९४७ मध्ये आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या लिपी समितीनं अ ची बाराखडी नाकारली होती. भ्रामक म्हणून. अ हा एक स्वर, इ हा दुसरा स्वर, मग एकावर चिन्ह चढवून दुसरा कसा करता? माझा कोसळलेला क्लास म्हणजे या आक्षेपाचा पुरावाच की, असं मला वाटलं आणि मी प्रबंधात तसं लिहायलाही घेतलं.

मग पुन्हा क कडे बघितलं. क म्हणजे काय? क् हे व्यंजन, आणि काहीच लिहिलं नाही तर आपोआप येणारा अ. वेलांटी दिली की तो आपोआपचा अ जातो आणि त्याच्या जागी इ येतो. कि मध्ये अ उरत नाही. म्हणजे अक्षराचे दोन भाग: एक वाहक आणि एक स्वर. स्वर न सांगितल्यास अ. आता हेच अ या अक्षराला लावा. त्याचा वाहक रिकामा, म्हणजे व्यंजन नाहीच, आणि स्वर न सांगितल्यामुळे अ. त्याला वेलांटी दिली की तो आपोआपचा अ जातो, इ येतो. अि. म्हणजे या लिपीत ती अ सारखी दिसणारी आकृती स्वर नाहीच. ती रिकामी खुंटी आहे, चिन्ह टांगायला. उर्दूतल्या अलिफसारखी.

म्हणून नवा क्लास लिहिला. त्यात वारसा नाही. अक्षराजवळ दोन गोष्टी: वाहक आणि स्वर. क, कि, अ, अि सगळ्यांना एकच आराखडा, एकही अपवाद नाही. जे काम आधी कितीतरी ओळींत होईना ते मोजक्या ओळींत झालं. प्रोग्रॅमिंग शिकवणारे 'वारशापेक्षा जोडणी बरी' असं सांगत असतात ते हेच. कशाचा प्रकार काय हे शोधण्याआधी कशाच्या पोटात काय आहे ते बघावं.

तेव्हा माझं मत असं झालंय की तर्कात वर्धा बरोबर होतं आणि समिती चूक. पण समिती सगळीच चूक होती असं म्हणवत नाही. मूल पहिल्या दिवशी अ शिकतं ते 'अ' हा आवाज म्हणून शिकतं. तीच आकृती दुसऱ्या दिवशी नुसती खुंटी असते हे त्याला कोण सांगणार? एकाच नावाला दोन कामं दिली की प्रोग्रॅममध्येसुद्धा घोळ होतोच. शिवाय ज्यांना वाचता येत होतं त्या सगळ्यांचे डोळे इ ला सरावलेले होते, आणि घरोघरची रामायणं, पंचांगं, पोथ्या जुन्या अक्षरांत होत्या. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली आणि दुसरी अधिकृतपणे थांबायला २०२० उजाडलं. मूठभर संगणकवाल्यांना बारा वर्षं लागली, इथे तर अख्खा देश होता.

पुढचं थोडक्यात. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा प्रयोग ठरला, तो काही वर्षांतच गुंडाळला गेला. १९६६ मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालयानं जी मानक वर्णमाला छापली तिच्यात इ, ई, उ, ऊ आपापल्या जुन्या रूपात परत बसलेले होते. १९९१ चं भारतीय मानक इस्की आणि त्याच्या आधीच्या १९८८ च्या रूपावरून बेतलेलं युनिकोडचं देवनागरी यांनी इ आणि वेलांटी यांना वेगवेगळे क्रमांक दिले. एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. त्याच घराण्यातल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर वेलांटी आणि इ एकाच कळेवर आहेत, शिफ्ट दाबून आणि न दाबून. उकार आणि उ एका कळेवर. आणि हलंत आणि अ एका कळेवर! म्हणजे 'स्वर काढून टाक' आणि 'नुसता स्वर दे' ही जोडी. कळफलक बनवणाऱ्यांना वाहक आणि स्वराचं नातं नक्की कळलेलं होतं.

मॉड्यूलबद्दल अजून बोलले नाही. ते मला शिकवलं पवनारनं.

विनोबांनी स्वतःची एक सोपी केलेली नागरी वापरली, तिला ते लोकनागरी म्हणत. सर्व सेवा संघाच्या 'भूदान-यज्ञ' साप्ताहिकात त्यांचा मजकूर या लिपीत येई आणि पानाच्या तळाशी ती कशी वाचायची याचा खुलासा असे. जोडाक्षरं हलंत चिन्ह देऊन सुटी लिहिलेली. आणि वेलांटीचं असं: आपल्या दीर्घ ई चं जे चिन्ह, उजवीकडचं, ते तिथे ऱ्हस्वासाठी. दीर्घासाठी तेच दोनदा. म्हणजे लोकनागरीच्या पानावर 'की' छापलं असेल तर ते वाचायचं 'कि'. तेच चिन्ह, तोच युनिकोड क्रमांक, अर्थ उलटा.

माझा क्लास याला काय करणार? आत एक अट घातली: लोकनागरी असेल तर असं वाच. मग लखनौची वेलांटी आली, तिची अट. मग अ ची बाराखडी निम्मीच पाळणारं एक पुस्तक आलं, अे लिहिणारं पण इ जुनाच ठेवणारं, तिसरी अट. महिनाभरात तो क्लास म्हणजे लग्नघरातली कोठी झाला. काय कुठे ठेवलंय ते मलाच सापडेना.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये प्रोग्रॅमचे भाग कसे पाडावेत यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका भागात लपवा, म्हणजे बदलला तरी बाकीच्यांना त्याचा त्रास नाही. पायथनमध्ये मॉड्यूल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक फाइल. एका कामाचे क्लास आणि फंक्शनं एकत्र ठेवलेली, बाहेरच्यानं नाव घेऊन मागवायची.

माझ्या कामात बदलणारा निर्णय कुठला होता? अक्षर म्हणजे काय हा नाही, तो ठरला होता: वाहक आणि स्वर. बदलत होतं ते छापखान्याचं धोरण. म्हणून आता चार फाइली आहेत. 'अक्षर' या मॉड्यूलमध्ये फक्त तो मूळ क्लास. 'वर्धा', 'लोकनागरी' आणि 'लखनौ' ही वेगळी मॉड्यूलं, आणि प्रत्येकात 'वाच' याच नावाची मेथड असलेला एक क्लास. बाकीचा प्रोग्रॅम नुसतं 'वाच' म्हणतो. समोर वर्धा असेल तर अि चा इ होतो, लोकनागरी असेल तर की चा कि होतो. त्या अर्धवट पुस्तकासाठी पाचवी फाइल लिहिली, पंधरा ओळींची. मूळ क्लासला हात लावावा लागला नाही.

यातून इतिहासाच्या बाजूनंही एक गोष्ट हाती आली, जी मला आधी अपेक्षित नव्हती. कुठल्या पुस्तकाला कुठलं मॉड्यूल लागतं हीच आता माझी नोंदवही झाली आहे. एकाच प्रकाशनाच्या दोन आवृत्त्यांना वेगळी मॉड्यूलं लागली तर मधल्या काळात छापखान्यात कुणीतरी काही ठरवलं असणार. ते कोण आणि का, हे शोधायला मग कागदपत्रांतच जावं लागतं. जो फरक मी पहिल्या दिवशी एका ओळीत पुसून टाकला होता तोच आता माझा मुख्य पुरावा आहे.

आणि मराठीत अ ची बाराखडी पूर्ण मेलीय असं समजू नका. ॲप, ॲसिड, ॲम्ब्युलन्स. हा ॲ काय आहे? अ ला अर्धचंद्र. सुधारकांच्या नियमानं बनलेलं अक्षर, आणि आपण ते दिवसातून दहा वेळा लिहितो. हिंदीवाले तिथे 'ऐप' लिहितात. युनिकोडनं २००८ मध्ये या ॲ ला स्वतंत्र क्रमांक दिला आणि अ आणि अर्धचंद्र सुटे टंकू नयेत असं सांगितलं. पण त्याआधीची वर्षानुवर्षं लोकांनी सुटंच टंकलंय, आजही टंकतात, आणि काही मोबाइलवर त्या दोघांच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. त्यामुळे आजच्या मराठी मजकुरात ॲप शोधलं की निम्मी ॲप सापडत नाहीत. माझ्या उद्योगासारखीच. सुटा 'अि' मात्र युनिकोड निमूट दाखवतं, कारण त्याच्यासारखं दिसणारं दुसरं अक्षरच नाही, तेव्हा गोंधळ व्हायची भीती नाही.

ॲ साठी सहावी फाइल लिहायची की मूळ क्लासमध्येच घ्यायचं, यावर माझं आणि माझ्या मार्गदर्शकांचं अजून एकमत नाही. ते म्हणतात ही टंकणाऱ्याची सवय आहे, लिपीचं धोरण नव्हे. मला वाटतं वर्ध्यालाही सुरुवात सवयीनंच झाली होती.

आजोबांची वही मी स्कॅन करून आणली आहे. तिच्यासाठी कुठलंच मॉड्यूल पुरलं नाही. पुढून वाचली की वर्धा लागतं, मागून वाचली की काहीच लागत नाही, आणि मधे एका पानावर त्यांनी 'उधार' लिहून, खोडून, वर 'अुधार' लिहिलंय. हिशोबाच्या पानावर. आजीला फोन करून विचारलं की हे काहून. ती म्हणाली, "परीक्षा जवळ आली असन."